शेजारच्या शाळेचा हक्क

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पुणे यांस



दरवर्षी जूनच्या मध्याला जिल्हा परिषदेच्या शाळा उघडतात, नव्या मुलांचे फुले व पुस्तके देऊन स्वागत होते, आणि गावातील एकही बालक शाळाबाह्य राहिलेले नाही असा अहवाल केंद्रशाळेतून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत व तेथून आपल्या दप्तरी दाखल होतो. हा अहवाल खोटा असतो असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. तो तयार करणाऱ्या शिक्षकांच्या प्रामाणिकपणाविषयी मला आदर आहे. परंतु पटावर नाव लागणे आणि शिक्षण मिळणे यांमध्ये जे अंतर असते, ते ज्यांच्या वाट्याला सर्वांत अधिक येते त्या स्वमग्न, गतिमंद व अन्य विशेष गरजा असणाऱ्या मुलांविषयी चार शब्द आपल्या कानी घालावेत, आणि ते बारनिशीतील एका आवक क्रमांकापुरते न उरता लोकांसमक्ष मांडले जावेत, म्हणून हे खुले पत्र लिहीत आहे.

मी आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द या गावचा रहिवासी असून प्राथमिक शिक्षकाच्या पेशातून निवृत्त झालो आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. कायद्याने विशेष गरजांच्या मुलाला शेजारची शाळा किंवा विशेष शाळा यांपैकी पसंतीची शाळा निवडण्याचा हक्क दिला आहे, आणि राज्य सरकारने केंद्रस्तरावर, म्हणजे दहा-बारा शाळांच्या गटामागे, विशेष शिक्षकांची पदेही निर्माण केली आहेत. तथापि निवडीला अर्थ यावयाचा तर निवडण्याजोगे पर्याय घरापासून रोज जाऊन येता येईल इतक्या अंतरावर असावे लागतात, आणि ती व्यवस्था उभी करणे हे दिल्लीच्या किंवा मंत्रालयाच्या हातचे काम नसून सर्वस्वी जिल्हा परिषदेच्या हातचे आहे.

प्रथम ही मुले कोण, ते सांगणे अवश्य आहे. कारण ज्याचे स्वरूप नीट कळले नाही त्याची तजवीजही नीट होत नाही. नावाने हाक मारली असता मान न वळवणारे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवता आईचा हात धरून तिकडे नेणारे, खेळण्यातील गाडी उलटी करून तिचे चाक तासन्‌तास फिरवीत बसणारे, वरातीतील डीजेचा आवाज कानी पडताच कासावीस होऊन किंचाळणारे, आणि तरीही एसटीच्या फळ्यांवरील गावांची नावे क्रमवार व बिनचूक सांगणारे एखादे मूल आपल्या जिल्ह्यातील बहुतेक गावांत आढळेल. त्याच्याविषयी घरची वडीलधारी मंडळी पहिल्यांदा म्हणतात की, उशिरा बोलेल, याचे चुलतेही पाच वर्षांचे होईस्तोवर बोलले नव्हते. पुढे कोणी भैरवनाथाला नवस बोलतो, कोणी अंगारा लावतो, कोणी दोन चापट्या दिल्याने वठणीवर येईल असे सुचवतो. आणि या सगळ्यात वयाची जी तीन-चार वर्षे मेंदू सर्वाधिक ग्रहणशील असताना शिकवणुकीसाठी मोलाची असतात, ती निघून जातात.

स्वमग्नता हा संगोपनातील उणिवेचा परिणाम नव्हे. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध करून या अवस्थेला शास्त्रात स्वतंत्र स्थान दिले; पुढील दोन दशके मातेच्या भावशून्य वागणुकीमुळे मूल असे होते, हा निर्दय समज पाश्चात्त्य विद्वानांतही प्रचलित होता, आणि १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या संशोधकाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, तो साधार खोडून काढला. मेंदूच्या जडणघडणीतच असलेली ही भिन्नता आहे, हे आता सर्वमान्य आहे. आपल्याकडे मात्र तोच जुना आरोप नवा वेष घेऊन आलेला दिसतो. सुनेने कामाच्या नादात मुलाच्या हाती मोबाइल दिला म्हणून ते असे झाले, हे वाक्य ज्या घरात बोलले जाते त्या घरातील आईला मुलाच्या शिक्षणाची चिंता वाहण्यापूर्वी स्वतःच्या निरपराधित्वाचा खुलासा द्यावा लागतो.

संख्येचा विचार केला तरी ही बाब किरकोळ ठरत नाही. जगभरातील अलीकडच्या अनुमानांनुसार शंभर-सव्वाशे व्यक्तींमागे साधारणतः एक व्यक्ती स्वमग्न असते. भारतात उत्तर गोव्यासह पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दर आठ मुलांमागे सुमारे एका मुलात मेंदूच्या विकासाशी निगडित नऊ विकारांपैकी किमान एक आढळला. तेव्हा एखाद्या केंद्रातील साऱ्या शाळांच्या पटांवर असे एकही मूल नसेल, तर ते त्या केंद्राचे भाग्य म्हणता येणार नाही. त्या मुलांची नोंद झालेली नाही, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो.

कायद्याचा प्रवास आपणास सांगण्याचे धाडस मी करू नये. परंतु सामान्य वाचकांसाठी तो संक्षेपाने मांडतो. अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा अधिनियम सात प्रकारचे अपंगत्व मानीत होता व त्यांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिची प्रथम दखल घेतली. २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम २०१२ साली सुधारण्यात येऊन त्यात अपंग बालकांचा स्पष्ट अंतर्भाव झाला. आणि अखेर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने एकवीस प्रकार मान्य करून, ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला, कलम ३१ अन्वये, शेजारच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क दिला. त्याच अधिनियमाच्या कलम १६ ने शाळांवर प्रवेश न नाकारण्याचे, मुलाच्या गरजेनुसार सोयी करण्याचे व जाण्या-येण्याची व्यवस्था करण्याचे दायित्व टाकले, आणि कलम १७ ने दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करण्यास फर्मावले.

यानंतर २०२१ च्या ऑक्टोबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे यांच्या प्रकरणात प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक व त्यापुढील स्तरांवर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असा दंडक घालून दिला, आणि राज्ये त्याबाबत टाळाटाळ करीत आहेत असे पाहून मार्च २०२५ मध्ये पदे अधिसूचित करण्याचा पुनश्च हुकूम केला. आपल्या राज्याने त्यापूर्वीच, २०२४ साली, केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४८६० पदे निर्माण करण्याचा व वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांना त्यांवर सामावून घेण्याचा निर्णय केला, ही गोष्ट मी कृतज्ञतेने नमूद करतो. पदे झाली. आता त्या पदांचे मुलांच्या दृष्टीने काय व्हावयाचे, हा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी पालकांपुढील मार्ग एकेक करून तपासणे इष्ट होईल.

पहिला मार्ग विशेष शाळेचा. महाराष्ट्रात या मार्गाची परंपरा मोठी व अभिमानास्पद आहे. मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या जय नावाच्या मुलीसाठी जी शाळा १९४४ साली सुरू केली, ती आज जय वकील या नावाने सर्वत्र ज्ञात आहे, आणि बौद्धिक अक्षम मुलांच्या विशेष शाळांसाठी ‘दिशा’ नावाचा पद्धतशीर अभ्यासक्रमही तिच्याच पुढाकाराने व राज्य शासनाच्या सहकार्याने सिद्ध झाला. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली ‘कामायनी’ स्थापन केली. पुढे केवळ स्वमग्न मुलांसाठी काम करणारे ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ही पुण्यातच उभे राहिले. अशा शाळांत वर्ग लहान असतो, शिक्षक प्रशिक्षित असतो, प्रत्येक मुलाचा अभ्यास त्याच्यापुरता आखलेला असतो, शौचास सांगणे, गुंडी लावणे, रांगेत उभे राहणे याही गोष्टी शिक्षणाच्याच कक्षेत येतात, आणि आपले मूल इतरांहून वेगळे आहे याची लाज आईला वाटेनाशी होते. परंतु ज्या संस्थांची नावे मी घेतली त्या सगळ्या शहरांत आहेत. अवसरी खुर्दपासून पुणे सुमारे ६० किलोमीटर. पुणे-नाशिक महामार्गावरील चाकणची कोंडी ज्याने अनुभवली आहे त्याला हे अंतर तासांत किती होते ते सांगावयास नको. रोजची ये-जा अशक्य, म्हणून एकतर आईने मुलाला घेऊन भोसरीकडे खोली करावी व बापाने शेती पाहात गावी राहावे, अथवा सात-आठ वर्षांचे मूल वसतिगृहात ठेवावे. ज्या मुलाला आपल्यावर काय गुजरले ते सांगता येत नाही, त्याला परक्या छपराखाली ठेवताना आईबापांच्या जिवाचे जे होते, त्याचा विचार कोणत्याही आदेशात झालेला मला दिसत नाही.

दुसरा मार्ग गृहाधारित शिक्षणाचा, म्हणजे विशेष शिक्षकाने घरी येऊन शिकवण्याचा. अंथरुणातून उठू न शकणाऱ्या, बहुविध किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी ही तरतूद २०१२ च्या सुधारणेने झाली आणि त्यांच्यासाठी ती उपकारकच आहे. परंतु जे मूल चालते, पळते, फक्त वर्गात स्थिर बसत नाही वा मधूनच ओरडते, त्याचे नाव सोयीसाठी या सदराखाली घातले गेले, तर शाळेच्या दृष्टीने प्रश्न मिटतो व मुलाच्या दृष्टीने घर हीच कोठडी होते. ज्याला माणसांत वागणे हेच शिकावयाचे आहे त्याला माणसांपासून दूर ठेवून शिकवणे, ही उफराटी रीत होय.

तिसरा मार्ग मुक्त विद्यालयाचा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेत एकदा नोंदणी केली म्हणजे ती पाच वर्षे टिकते, विषय निवडता येतात आणि एकेक विषय सवडीने उत्तीर्ण होता येतो. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा पर्यायही उपलब्ध आहे. नियमित शाळेतून दहावी-बारावीला बसणाऱ्या मुलांसाठी राज्य मंडळानेही ताशी २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक व अन्य सवलती ठेवल्या आहेत. हा मार्ग किशोरवयातील, वाचता-लिहिता येणाऱ्या मुलांना फार उपयोगी पडतो. तथापि सवलत आहे हे दहावीचा अर्ज भरावयाच्या वेळी कळले, व त्यासाठी लागणारा दाखला तोवर काढलेलाच नसला, तर तिचा लाभ मिळत नाही. शिवाय मुक्त शिक्षण हे शिक्षकाच्या अभावी पुस्तकांचा गठ्ठा एवढेच उरते.

चौथा मार्ग शेजारच्या शाळेचा, आणि माझ्या मते बहुसंख्य मुलांसाठी आरंभ याच मार्गाने व्हावयास हवा. तेथे भाषा घरची असते, सवंगडी वाडीतलेच असतात, खिचडी सर्वांबरोबर खावयाची असते, आणि उद्या मोठे झाल्यावर ज्या माणसांत त्याला आयुष्य काढावयाचे आहे ती माणसे लहानपणापासून त्याला ओळखू लागतात. स्वमग्न मुलाला वर्गात जे हवे असते त्यातील बरेचसे विनामूल्य असते: दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावलेला असावा व तो अचानक बदलू नये, सूचना एकावेळी एक व थोडक्या शब्दांत द्यावी, उत्तरासाठी त्याला वेळ द्यावा, गलका असह्य झाला म्हणजे घटकाभर बसण्यास शांत कोपरा असावा, आणि ज्या विषयाचा त्याला ध्यास आहे त्याच विषयाच्या द्वारे त्याला गणित व वाचन शिकवावे. परंतु दोन शिक्षक, चार इयत्ता, शिवाय ऑनलाइन माहिती भरण्याची रोजची निकड अशा शाळेत, कोणी न दाखवलेले हे कसब शिक्षकाने आपोआप अंगी आणावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. म्हणूनच शेजारची शाळा हा पर्याय विशेष शिक्षकाच्या नियमित सहवासाविना अपुरा राहतो.

खेड्यातील शाळेला हे झेपणार नाही असे जे म्हणतात त्यांना, कॅनरच्या त्या अकरा मुलांतील पहिल्या मुलाची हकीकत सांगावीशी वाटते. डोनाल्ड ट्रिपलेट हा अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा मुलगा. त्याला वयाच्या चौथ्या वर्षापूर्वीच एका दूरच्या संस्थेत ठेवण्यात आले होते. तेथे तो अधिकच मिटत गेला, तेव्हा आईबापांनी त्याला परत आणले, आणि पुढे १९४२ साली जवळच्याच एका शेतकरी जोडप्याकडे राहावयास पाठवले. त्याला मोजण्याचा ध्यास होता. शेतकऱ्याने तो ध्यास मोडण्याचा प्रयत्न न करता, मक्याच्या ओळी नांगरता नांगरता मोजण्याचे काम त्याला दिले, विहीर खणावयास लावून तिची खोली मोजण्यास सांगितले. १९४५ साली कॅनर स्वतः भेटीस गेला तेव्हा तो मुलगा घोडा व नांगर सफाईने हाताळीत होता आणि गावठी शाळेत, त्याच्या विक्षिप्तपणासह स्वीकारला जाऊन, चांगली प्रगती करीत होता. पुढे तो पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीस राहिला, आणि २०२३ साली, एकोणनव्वद वर्षांचा होऊन, आपल्याच गावी वारला. वैद्यकाने नोंदलेल्या या पहिल्या स्वमग्न मुलाला जे तारक ठरले, ते शेत, गाव आणि जवळची शाळा होते. त्यांतील एकही वस्तू आंबेगाव तालुक्यात दुर्मिळ नाही.

आपल्याकडेही शाळेने मुलाकडे जावे हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवल्या. गुराखी पोरांसाठी कुरणात भरू शकणारी शाळा स्वमग्न मुलासाठी एका खोलीची सोय करू शकत नाही, असे कोसबाडच्या महाराष्ट्राने म्हणणे शोभत नाही.

आता आमच्या तालुक्याची स्थिती पाहा. पूर्वेकडे डिंभे धरणाच्या कालव्यांनी भिजलेली ऊस, कांदा, बटाट्याची बागायत आहे व साखर कारखान्यामुळे हंगामात ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या मुलाबाळांसह येतात. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळी समाजाच्या वाड्या विखुरलेल्या असून तेथील अनेक मुले आश्रमशाळांत शिकतात. कोप्यांवर राहणाऱ्या, चार-सहा महिन्यांनी गाव बदलणाऱ्या कुटुंबातील स्वमग्न मुलाला ना पट ना दाखला. आणि डोंगरातील वाडीवरच्या आईला दिव्यांगत्वाच्या तपासणीसाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणे म्हणजे दिवसाची मजुरी, गाडीभाडे व गर्दीत बिथरलेल्या लेकराला सांभाळणे असा तिहेरी भार. तपासणी तरी एका नजरेत उरकण्याजोगी नसते: स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी २०१६ पासून जी भारतीय मापनश्रेणी अधिकृत आहे तिच्यात चाळीस बाबी आहेत, आणि त्या पाहण्यास शांत जागा, वेळ व जाणकार माणूस लागतो.

या परिस्थितीत केंद्रासाठी नेमलेला एक विशेष शिक्षक दहा-बारा शाळा, शिवाय घरभेटी, शिवाय शिबिरे, शिवाय ऑनलाइन नोंदी अशा चक्रात फिरत राहिला, तर एका मुलाच्या वाट्याला महिन्यातून एखादा तास येईल. तो तास शिक्षणाचा न होता भेटीचा होईल, आणि हजेरीवर मात्र ‘सेवा दिली’ अशी नोंद पडेल. स्वमग्न मुलाला नव्या माणसाची ओळख पटण्यासच आठवडे लागतात. ज्याचे येणे अनियमित, तो त्याच्यासाठी दर वेळी नवखाच. नित्य ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, तेच माणूस भेटणे हाच या शिक्षणाचा पाया आहे, आणि फिरस्तीवरील नेमणुकीत नेमका तोच ढासळतो.

यास्तव माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. प्रत्येक केंद्रशाळेत एक स्वतंत्र खोली संसाधन कक्ष म्हणून राखून ठेवावी, आणि विशेष शिक्षकाने आठवड्यातील बहुतांश दिवस त्या कक्षातच हजर असावे. केंद्रातील अन्य शाळांच्या मुलांना ठरलेल्या दिवशी तेथे आणण्याची व नेण्याची व्यवस्था, कलम १६ मधील दायित्व मानून, जिल्हा परिषदेने करावी. मूल आपल्या वर्गातच राहील, कक्षात ते रोज वा दिवसाआड तासभर येईल, वर्गशिक्षकाला काय व कसे शिकवावे याचा लेखी आराखडा विशेष शिक्षक करून देईल, आणि ज्या मुलाला याहून अधिक साहाय्य लागेल त्याचा अर्धा दिवस कक्षात जाईल. अशा संसाधन केंद्रांची शिफारस २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे. मी नवीन काही मागत नाही. पटसंख्या घटल्याने अनेक शाळांच्या इमारतींत खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. प्रयोगादाखल आरंभ अवसरी खुर्द परिसरात करावा, व एका शैक्षणिक वर्षानंतर त्याचा हिशेब लोकांपुढे ठेवावा.

याच्या आधीची पायरी अंगणवाडीची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला व त्याची वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा भेट देतात; त्या भेटीत वजन-उंचीइतकीच मुलाच्या नजरेची, हाकेला दिलेल्या प्रतिसादाची व बोलण्याची पाहणी व्हावी, आणि संशय आलेल्या मुलांसाठी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक वारी स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी व मूल्यमापन यांची सोय व्हावी. आपण आरोग्य खात्याशी बोलून महिन्यातील एक दिवस नक्की केला, तरी शेकडो आयांची पुण्याची खेप वाचेल. आशाताई व अंगणवाडीताई यांना चार खुणा नीट शिकवल्या, तर त्या कोणत्याही तज्ज्ञाच्या आधी मुलाला हेरतील. घरोघरचा विश्वास त्यांनी मिळवलेलाच आहे.

पुढची पायरी रोजगाराची. कारण अठराव्या वर्षी शाळा संपते आणि आईबापांची खरी काळजी तेथे सुरू होते. मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’ या संस्थेत प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्ती ग्रामीण परिसरात कुटुंबासारख्या एकत्र राहतात व काम करतात. खेड्यात हे घडू शकते याचा तो पुरावा आहे. आमच्या भागात रोपवाटिका आहेत, कांदा-बटाट्याची प्रतवारी आहे, दूधसंकलन केंद्रे आहेत. तेच काम त्याच क्रमाने व बारकाईने करण्याची आवड असलेल्या हातांना येथे जागा आहे. आमच्याच गावात शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रफलक, साधी बोलकी उपकरणे, कक्षासाठीची साधने ही तेथील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा विषय होऊ शकतात, आणि ज्या संस्थांत दिव्यांगांसाठी ५ टक्के जागा कायद्याने राखीव आहेत त्यांच्या फाटकाबाहेर राहणाऱ्या मुलाला पहिलीपासूनच ती वाट दिसू शकते.

खर्चाचा आक्षेप येईल, म्हणून त्याचेही उत्तर देतो. शिक्षकाचे वेतन मंजूर पदावर आहे. खोली तयार आहे. समग्र शिक्षा अभियानात प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद आहे. आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असा शासनाचा दंडक आहे. हा ५ टक्के निधी पुष्कळदा वर्षअखेरीस वस्तू वा रक्कम वाटून संपवला जातो. त्यातील काही अंश वाहतुकीवर व कक्षातील मदतनीस बाईंच्या मानधनावर खर्चला, तर तो वर्षभर कामी येईल. ग्रामपंचायतीपुढे हा ठराव मांडण्यास आम्ही गावकरी तयार आहोत.

दुसरा आक्षेप इतर पालकांचा: अशा मुलामुळे आमच्या मुलांचा अभ्यास बुडतो. साहाय्याविना मूल वर्गात सोडले तर हा आक्षेप काही अंशी खरा ठरतो, हे मी शिक्षक या नात्याने मान्य करतो. म्हणूनच तर कक्ष हवा. परंतु साहाय्य असेल तेथे बाकीची मुले जे शिकतात ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही: आपल्यासारखा नसलेला माणूसही आपलाच आहे, हे सातव्या वर्षी ज्याला कळले त्याला पुढे कोणी सहजासहजी द्वेष शिकवू शकत नाही.

शेवटी, महोदय, तीन गोष्टी आपण या शैक्षणिक वर्षातच कराव्यात अशी आग्रहाची प्रार्थना आहे. कलम १७ मधील पाहणीचे आपल्या जिल्ह्याचे तालुकानिहाय आकडे लोकांसाठी प्रसिद्ध करावेत. आंबेगाव तालुक्यातील प्रत्येक केंद्रात विशेष शिक्षक रुजू आहे की नाही, व असल्यास तो कोणत्या दिवशी कोणत्या शाळेत किती तास असतो, याचे वेळापत्रक त्या त्या शाळेच्या फलकावर लावण्याचा हुकूम काढावा. आणि अवसरी खुर्दच्या केंद्रात संसाधन कक्षाची एक खोली, शाळा उघडण्यापूर्वी, लेखी आदेशाने राखून ठेवावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या कायद्याची, नव्या पदाची किंवा मोठ्या रकमेची गरज नाही. आपल्या सहीची आहे.



आपला नम्र,
अवसरी खुर्द येथील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक